घेणेकऱ्यांची रांग

एखादी कंपनी देणें भागवूं शकेनाशी झाली म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडीं एकच शब्द येतो : ‘बुडाली.’ शब्द लहान आहे, परंतु त्यांत केवढा तरी हताशपणा भरलेला आहे. बुडालेली वस्तु तळाशीं गेली. आतां कांठावर उभें राहून हळहळण्यापलीकडे आपल्या हातीं कांहीं उरलें नाहीं, असें त्या शब्दानें आपण गृहीत धरतों. कायद्याचा शब्द निराळा आहे. तो ‘परिसमापन’ असा आहे, आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलट आहे. कंपनीचें जें कांहीं उरलें असेल तें गोळा करावें, त्याची मोजदाद करावी, तें विकून पैसा उभा करावा, तो पैसा घेणेकऱ्यांस ठरलेल्या क्रमानें वाटावा, आणि मग त्या कंपनीचें नांव सरकारी दप्तरांतून काढून टाकावें, ह्या सर्व कामास परिसमापन म्हणतात. भागधारकांनीं आपण होऊन तें केलें तर तें स्वेच्छेचें. कोणा घेणेकऱ्याच्या अर्जावरून न्यायासनानें हुकूम देऊन करविलें तर तें सक्तीचें.

आमच्या विद्यार्थिमित्रांस वाटेल कीं, शाळेच्या वार्षिकांत हा रुक्ष विषय कशाला? परंतु घर बांधणें, घर विकत घेणें किंवा दुसऱ्याच्या घराच्या बांधकामावर मजुरी करणें, ह्यांपैकीं एकही गोष्ट ज्या कुटुंबांत घडली नाहीं असें कुटुंब आपल्या जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. आमच्या कुटुंबाचा संबंध विटांच्या द्वारें आला. त्यांतून आम्हांस जें उमगलें तें येथें सांगावयाचें आहे. ज्या कंपनीची ही हकीकत आहे तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ती आतां अस्तित्वांतही नाहीं.

भंडारा जिल्ह्यास बांधकाम नवें नाहीं. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी लोकांनीं बांधलेले तलाव आजही धानाच्या बांध्यांस पाणी देतात. वैनगंगेची रेती दूरदूरच्या गांवांस जाते. भंडारा शहर पूर्वीं कवेलूंच्या घरांचें आणि पितळी भांड्यांच्या कारागिरांचें म्हणून ओळखलें जाई. पुढें महामार्गाच्या दोन्ही अंगांस लेआऊट पडूं लागले, बांध्यांतून चुन्याच्या रेघा दिसूं लागल्या, आणि ज्यांनीं आजवर केवळ ठेकेदारी केली होती ते ‘बिल्डर’ म्हणवूं लागले. अशाच दिवसांत, सन २००५ च्या सुमारास, आमच्या परिचयाच्या दोघां भावांनीं एक लहानशी खाजगी मर्यादित कंपनी स्थापन केली.

‘मर्यादित’ ह्या शब्दाचा अर्थ येथें थोडक्यांत सांगितला पाहिजे. कायद्याच्या दृष्टीनें कंपनी ही स्वतंत्र व्यक्ति असते. तिला स्वतःची मालमत्ता असते, स्वतःचें कर्ज असतें, ती फिर्याद करूं शकते व तिच्यावर फिर्याद होऊं शकते. तिच्या कर्जासाठीं भागधारकांच्या घरादारावर सामान्यतः हात टाकतां येत नाहीं. भागापोटीं जी रक्कम त्यांनीं देऊं केली असेल तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी. ह्या सोयीमुळें लोक धाडसानें धंद्यांत पडतात, हा तिचा गुण. आणि धंदा फसला तर घेणेकऱ्यांस कंपनीच्या मालमत्तेबाहेर पाहण्यास जागा राहत नाहीं, हा तिचा दोष.

त्या दोघां भावांचा आरंभ चांगला होता. पहिली १२ गाळ्यांची इमारत त्यांनीं वेळेवर पुरी केली. तिच्या विटा आमच्या मोठेबाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बंधूंच्या, भट्टीवरून गेल्या, आणि त्यांचा पैसा महिन्याच्या महिन्यास मिळत गेला. त्या विश्वासावर दुसऱ्या, २४ गाळ्यांच्या इमारतीसाठीं मोठेबाबांनीं विटा उधार दिल्या. आणखीही पुष्कळांनीं विश्वास ठेविला. आमच्याच चौकांत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनीं प्रॉव्हिडंट फंडाची जवळजवळ सगळी रक्कम एका गाळ्यासाठीं भरली. एक वृद्ध मिस्त्री कंपनीच्या हजेरीपटावर कायम होते. ओझीं वाहणाऱ्या रेजा मात्र एका ठेकेदाराच्या मार्फत येत. त्यांचीं नांवें कंपनीच्या पटावर नव्हतीं.

पुढें जें घडलें तें अनेक ठिकाणीं घडतें तसेंच घडलें. दुसऱ्या इमारतीसाठीं लोकांनीं भरलेल्या पैशांतून तिसऱ्या इमारतीची जागा घेतली गेली. दुसरीच्या कामासाठीं मग बँकेचें कर्ज काढावें लागलें व ती जागा तारण पडली. इतक्यांत रेतीघाटांचे लिलाव लांबले; रेती मिळेना, मिळाली तर परवडेना. दुसऱ्या स्लॅबवर काम थांबलें. काम थांबलें म्हणजे मजुरी थांबते, हप्ते थांबतात, विटांची गाडी थांबते. व्याज तेवढें थांबत नाहीं. दोघे भाऊ लुच्चे होते असें आम्ही म्हणणार नाहीं. एकाचा पैसा दुसऱ्या कामास लावतांना तो आपला नव्हे, ही जाणीव त्यांस राहिली नाहीं एवढेंच.

ह्याच सुमारास एके रात्रीं त्यांपैकीं धाकटे भाऊ मोठेबाबांकडे आले. आम्ही तेव्हां नागपुरास महाविद्यालयांत शिकत होतों व सुटींत घरीं आलों होतों. ओसरीवर बसून ते हलक्या आवाजांत म्हणाले, “काकाजी, तुमचें देणें मला झोंप येऊं देत नाहीं. जागेवर सिमेंट आहे, सळाखी आहेत. उद्यां पहांटे ट्रॅक्टर पाठवा आणि उचलून न्या. मागाहून दुसरे येतील तेव्हां कांहीं उरणार नाहीं.”

मोठेबाबा कांहीं वेळ गप्प राहिले. त्यांच्या भट्टीवरील मजुरांचेही पैसे थकले होते, आणि तो माल त्यांच्या उधारीच्या निम्म्याहून अधिक किंमतीचा होता. मग त्यांनीं विचारलें, “मिस्त्रीले देलं काय? रेजाईले?” धाकट्या भावानें मान खालीं घातली. मोठेबाबा म्हणाले, “बाबू, मंग अंधारात नको. न्याचं असन तं सगळ्याइच्या देखत नेईन.” मोठेबाबांची शाळा चौथीपर्यंतच झाली होती, आणि कंपनीचा कायदा त्यांस ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. परंतु ह्या एका वाक्यांत त्या कायद्याचें सारें मर्म आलें होतें, हें आम्हांस पुढें कळलें.

दुसऱ्या एका पुरवठादारानें तो विचार केला नाहीं. त्यानें दोन खेपांत सळाखी व काँक्रीटचा मिक्सर उचलून नेला. गांवांत सर्वांनीं त्याची हुशारी वाखाणली. आमच्या घरांतही, मोठेबाबांच्या माघारीं, त्यांच्या भोळेपणाविषयीं बोलणें झालें.

दोनच महिन्यांनीं नागपूरच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानें हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे अर्ज केला. त्या वेळीं १९५६ चा कंपनी कायदा चालू होता. ५०० रुपयांहून अधिक देणें असलेल्या घेणेकऱ्यानें रीतसर मागणी करूनही कंपनीनें तीन आठवड्यांत तें भागविलें नाहीं, तर ती देणें देण्यास असमर्थ आहे असें धरून तिचें परिसमापन मागण्याची वाट त्या कायद्यानें मोकळी ठेविली होती. अर्जाची सूचना सरकारी गॅझेटांत तसेंच एका इंग्रजी व एका मराठी वृत्तपत्रांत छापावी लागे, कारण अर्ज एकाचा असला तरी प्रश्न सर्वांचा असतो. आम्हीं ती सूचना वृत्तपत्राच्या आंतल्या पानावर पाहिली. विवाहविषयक जाहिरातींच्या शेजारीं, बारीक अक्षरांत, एका कंपनीच्या मरणाची ती आगाऊ वार्ता होती.

सन २०१० मध्यें हुकूम झाला. सक्तीच्या परिसमापनाचा हुकूम झाला म्हणजे काय काय होतें, तें आम्हीं ह्या निमित्तानें जवळून पाहिलें. संचालकांचा अधिकार त्या क्षणीं संपतो आणि हायकोर्टाशीं संलग्न असलेला सरकारी लिक्विडेटर कंपनीच्या मालमत्तेचा ताबा घेतो. कार्यालयास मोहोर लागते. संचालकांस २१ दिवसांत मालमत्तेचें व देण्याघेण्याचें शपथेवर विवरण द्यावें लागे. कंपनीविरुद्धचे इतर दावे न्यायालयाच्या परवानगीवांचून पुढें चालत नाहींत. एरवीं ज्याचा वकील चपळ तोच सगळें घेऊन जाता. आणखी एक गोष्ट त्या हुकुमांत असते, ती वाचतांना आमच्या अंगावर कांटा आला : तो हुकूमच सर्व नोकरांस कामावरून कमी केल्याची नोटीस समजला जातो. वृद्ध मिस्त्रींस कोणीं पत्र पाठविलें नाहीं. दाराला लागलेली मोहोर हेंच त्यांचें पत्र.

परिसमापनाचा आरंभ मात्र हुकुमाच्या तारखेपासून नव्हे, तर अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून धरला जाई. त्या तारखेच्या मागील सहा महिन्यांत बुडत्या कंपनीनें एखाद्या घेणेकऱ्यास इतरांहून झुकतें माप देण्याच्या हेतूनें कांहीं दिलें असेल, तर तें देणें कायद्यानें रद्द ठरे. त्यामुळें ज्यानें पहांटे सळाखी व मिक्सर नेला होता त्याला नोटीस आली. वर्षभर त्यानें वकिलाचे उंबरे झिजविले, आणि शेवटीं माल किंवा त्याची किंमत परत करण्याची पाळी त्याच्यावर आली. गांवानें वाखाणलेली ती हुशारी त्याला वकिलाच्या फीसह महाग पडली.

मग प्रत्येकानें आपलें घेणें सिद्ध करावयाचें होतें. मोठेबाबांस घेऊन आम्ही भंडाऱ्याहून सुमारें ६० किलोमीटरवरील नागपुरास अनेक खेपा केल्या. शपथपत्रावर रक्कम, तारीख व पुरावा लिहावा लागे. मोठेबाबांजवळ विटांच्या खेपांचीं चलनें होतीं. परंतु त्यांपैकीं निम्म्यांवरच जागेवरील मुकादमाची सही होती. बाकीच्या वेळीं “काकाजी, मी आहे ना” ह्या शब्दावर गाडी रिकामी झाली होती. सहीचीं चलनें मान्य झालीं. शब्दावर रिकाम्या झालेल्या गाड्या हिशेबांत आल्या नाहींत.

रेजांची अवस्था ह्याहून कठीण होती. त्यांचा ठेकेदार गांव सोडून गेला होता, आणि कंपनीच्या पटावर त्यांचें नांव नव्हतें. त्या वेळीं लागू असलेल्या १९७० च्या ठेका कामगार कायद्यानें, ठेकेदारानें मजुरी बुडविली तर ती मूळ मालकानें द्यावी अशी तरतूद केली होती. पण कोण किती दिवस कामावर होतें हें दाखवावयाचें कसें? येथें वृद्ध मिस्त्रींच्या वह्या पुढें आल्या. खिशांत मावतील अशा त्या लहान वह्यांत रोज कोण रेजा आली, कोणी अर्धा दिवस केला, हें त्यांनीं टिंबें व रेघा ह्यांनीं टिपून ठेविलें होतें. तें त्यांचें कामही नव्हतें; केवळ माल व माणसें ह्यांचा मेळ राहावा म्हणून लागलेली ती संवय. निवृत्त शिक्षकांनीं त्या टिंबांवरून प्रत्येक बाईचा तक्ता स्वच्छ अक्षरांत तयार केला व त्यांचीं शपथपत्रें लिहून दिलीं. स्वतः त्यांचा सारा फंड त्याच कंपनींत अडकलेला होता, हें लक्षांत ठेवलें म्हणजे त्या अक्षराचें मोल कळतें. तो दावा मान्य झाला.

अर्धवट इमारतीसह जागेचा लिलाव होऊन पैसा वाटला जाण्यास सन २०१६ उजाडलें. वाटपाचा क्रम असा होता. आधीं परिसमापनाचा खर्च. नंतर कामगारांचें देणें व तारण असलेल्या बँकेचें देणें, हीं दोन्ही एका पायरीवर, आणि पैसा अपुरा असेल तर दोघांसही सारख्या प्रमाणांत. त्यानंतर कर वगैरे अग्रहक्काचीं देणीं. त्यानंतर तारण नसलेले सामान्य घेणेकरी. आणि सर्वांच्या शेवटीं भागधारक. पैसा दुसऱ्याच पायरीवर संपला. मिस्त्रींस व रेजांस रुपयास सुमारें ६० पैसे मिळाले. निवृत्त शिक्षक व मोठेबाबा हे दोघेही सामान्य घेणेकरी. त्यांस कांहींएक मिळालें नाहीं. शिक्षकांनीं उर्वरित आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत काढलें. मोठेबाबांनीं भट्टीची अर्धी जागा विकून आपल्या मजुरांचें देणें फेडलें.

ह्या हिशेबाकडे पाहून कोणी म्हणेल कीं, मग मोठेबाबांनीं तो माल उचलला असता तर काय बिघडलें असतें? आम्हीं ह्याचा पुष्कळ विचार केला. परत आलेल्या सळाखींचा व मिक्सरचा पैसा वाटपाच्या राशींत पडला होता. तो बाहेरच राहिला असता तर रेजांच्या ६० पैशांतून तितका कमी झाला असता. अपुऱ्या राशींतून अंधारांत जें उचललें जातें तें कंपनीच्या खिशांतून जात नाहीं, कारण कंपनीच्या खिशांत आतां तिचें स्वतःचें कांहींच उरलेलें नसतें. तें रांगेंत उभ्या असलेल्या, आणि बहुधा आपल्याहून दुबळ्या, माणसाच्या हातांतून जातें.

परंतु ही रांग तरी न्याय्य आहे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारण्याचा हक्क रित्या हातानें परतलेल्यास आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर इतिहासाकडे थोडें वळलें पाहिजे. हिंदुस्थानांत मर्यादित जबाबदारीचा कायदा १८५७ मध्यें झाला, आणि अवघ्या सातआठ वर्षांत त्याची कठोर परीक्षा मुंबईंत झाली. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशावर समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतील बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग बाजारांत सुमारें ५०,००० रुपयांपर्यंत चढला. १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याबरोबर ह्या कंपन्याही कोसळल्या. बॅक बे कंपनी गुंडाळली गेली. बँक ऑफ बॉम्बे हीही त्या धक्क्यांतून सांवरली नाहीं. १८६८ मध्यें तिची जागा नव्या बँकेनें घेतली. सारांश, लोकांच्या पैशावर जमिनीचीं स्वप्नें बांधण्याचा व तीं मोडण्याचा प्रकार आपल्या प्रांतांत दीडशें वर्षांहून जुना आहे.

रांगेंतील अन्यायाचें प्रसिद्ध उदाहरण मात्र लंडनचें आहे. आरन सालोमन नांवाचा बूट तयार करणारा एक व्यापारी होता. १८९२ मध्यें त्यानें आपला धंदा स्वतःच स्थापिलेल्या कंपनीस विकला. तिच्या २०,००७ भागांपैकीं २०,००१ त्याचे स्वतःचे व सहा बायकोमुलांचे होते. शिवाय किंमतीपैकीं १०,००० पौंडांबद्दल त्यानें मालमत्तेवर तारण असलेले कर्जरोखे घेतले. पुढच्याच वर्षीं कंपनी परिसमापनांत गेली. आधीं त्या रोख्यांवर ५,००० पौंड देणाऱ्या सावकाराचें देणें फिटलें. उरलेल्या सुमारें १,००० पौंडांवर त्याच रोख्यांच्या जोरावर सालोमननें हक्क सांगितला. माल पुरविणाऱ्यांस कांहीं उरत नव्हतें. १८९६ मध्यें हाऊस ऑफ लॉर्ड्स ह्या सर्वोच्च न्यायासनानें निकाल दिला कीं, कंपनी ही सालोमनहून वेगळी व्यक्ति आहे, आणि त्याचे रोखे खरे आहेत. म्हणजे कंपनीचा धनीच आपल्या घेणेकऱ्यांच्या पुढें रांगेंत उभा राहिला, आणि कायद्यास तें मान्य करावें लागलें.

असें असलें तरी रांग ही दगडावरची रेघ नव्हे. आपल्या देशांत १९८२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, परिसमापनाच्या अर्जावर कामगारांचेंही म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. तोंवर त्या दालनांत भांडवल पुरविणाऱ्यांचाच आवाज होता. श्रम पुरविणारा बाहेर उभा असे. १९८५ मध्यें कायदा दुरुस्त होऊन कामगारांचें देणें तारणधारक सावकाराच्या बरोबरीस आणलें गेलें. आमच्या मिस्त्रींस व रेजांस जे ६० पैसे मिळाले ते ह्या दुरुस्तीचें फळ. त्याआधींच्या काळांत बँकेनें आपलें तारण संपूर्ण उचलून नेलें असतें.

पुढें २०१६ मध्यें नादारी व दिवाळखोरी संहिता आली. देणें न भागविणाऱ्या कंपनीविरुद्धचा घेणेकऱ्याचा अर्ज आतां हायकोर्टाकडे नव्हे, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जातो. भंडाऱ्याच्या कंपनीचा असेल तर त्याच्या मुंबई खंडपीठाकडे. आधीं कंपनी सांवरण्याचा प्रयत्न होतो, तो फसला तर परिसमापन. परिसमापनाच्या आधींच्या २४ महिन्यांचें कामगारांचें देणें तारणधारकाच्या बरोबरीस राहिलें. प्रॉव्हिडंट फंडाची व ग्रॅच्युइटीची रक्कम तर वाटपाच्या राशींतच धरावयाची नाहीं, असें ठरलें. २०१८ मध्यें घरासाठीं पैसे भरणारांस कर्ज देणाऱ्या धनकोंच्या वर्गांत स्थान मिळालें, आणि ९ ऑगस्ट २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती उचलून धरली. आमच्या निवृत्त शिक्षकांस त्याचा उपयोग झाला नाहीं. परंतु आज त्यांच्या जागीं असलेला मनुष्य कंपनीचें भवितव्य ठरविणाऱ्या धनकोंच्या समितींत आपल्या प्रतिनिधीच्या द्वारें मत देऊं शकतो. विटा, रेती, गिट्टी पुरविणारा लहान व्यापारी मात्र अद्याप बराच मागें उभा आहे. त्याची पाळी पुढें आणावयाची कीं नाहीं, ह्याचा विचार आजच्या विद्यार्थ्यांतून उद्यां जे कायदे करणारे निघतील त्यांनीं करावा.

पालकांसाठीं दोन शब्द व्यवहाराचे. रेरा ह्या नांवानें प्रसिद्ध असलेला २०१६ चा कायदा महाराष्ट्रांत पूर्णपणें लागू झाला तो १ मे २०१७ पासून. त्याअन्वयें नोंदणीकृत करारावांचून बिल्डरानें घराच्या किंमतीच्या एकदशांशाहून अधिक रक्कम घेतां कामा नये. आणि घेणारांकडून आलेल्या पैशाचे शेंकडा ७० भाग त्याच इमारतीच्या जमिनीसाठीं व बांधकामासाठीं वेगळ्या बँक खात्यांत ठेवावे लागतात. एका इमारतीचा पैसा दुसऱ्या जागेंत घालण्याची जी वाट आमच्या हकीकतींतील कंपनीनें धरली, तीच बंद करण्याचा हा प्रयत्न आहे. तथापि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ गाळ्यांपर्यंतच्या लहान बांधकामास ह्या नोंदणींतून सूट आहे, आणि आपल्यासारख्या लहान शहरांत बांधकामें बहुधा लहानच असतात. तेथें आपली सावधगिरी हेंच आपलें संरक्षण. माल पुरविणारांनीं प्रत्येक चलनावर सही घ्यावी. मजुरी करणारांनीं आपली हजेरी स्वतः टिपून ठेवावी. आणि ज्या कंपनीशीं व्यवहार आहे तिच्या परिसमापनाची सूचना निघाली तर हात जोडून बसूं नये. नव्या संहितेप्रमाणें घेणें कळविण्यास ३० दिवसांचीच मुदत असते.

विद्यार्थ्यांस हें सर्व लक्षांत ठेवणें जड जाईल. त्यांनीं पंगत आठवावी. गांवजेवणांत एखादे वेळीं भात कमी पडतो. त्यांत लाज कोणाचीही नाहीं. अंदाज चुकतात, पाहुणे वाढतात. अशा वेळीं चांगला यजमान पातेलें पंगतीच्या मध्यें आणून ठेवतो, किती उरलें तें सर्वांस दाखवितो, आणि मुलांस व म्हाताऱ्यांस आधीं वाढतो. वाईट यजमान स्वयंपाकघराच्या मागल्या दारानें आप्तांचीं ताटें भरतो, आणि बाहेर येऊन भात संपला म्हणून हात हालवितो. दोन्ही ठिकाणीं कांहीं जण उपाशींच उठतात. परंतु पहिल्या पंगतींतून उठलेले लोक पुन्हां एकत्र जेवूं शकतात, दुसऱ्या पंगतींतले शकत नाहींत. धंद्यांत नुकसान येणें कोणाच्या हातीं नसतें. आलेलें नुकसान सर्वांसमक्ष मोजावें, जो दुबळा त्याला पुढें जागा द्यावी, आणि आपली पाळी येईपर्यंत पातेल्यास हात लावूं नये, एवढें मात्र प्रत्येकाच्या हातीं असतें.